सगळं पिशवीत घालून आणा

डोक्याला, तोंडाला, कानाला दिवसभरात जे जे लागतं ते सगळं एका पिशवीत घालून आणा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी सगळं नेलं. काळ्या मेंदीचं पाकीट तेवढं नेलं नाही.

बाकी पिशवी मात्र मी लेकीची पाठवणी करावी तशी भरली होती. अंगाचा साबण, दाढीचा साबण, करडीचं तेल, कंगवा, चष्मा, टॉवेल, उशीचा अभ्रा, मोबाइलला जोडून कानात खुपसायची बोंडं, देवघरातला अष्टगंध. माझी बायको शालिनी दाराला टेकून बघत होती.

"आणि ते?" तिनं विचारलं.

"ते कशाला? ते नैसर्गिक आहे."

पाकिटावर हिरव्या पानाचं चित्र होतं. मला तेवढा पुरावा पुरला.

खरी अडचण वेगळी होती. तारनाका-विद्यानगर भागातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी चिटणीस. वय सत्तावन्न. आमच्या जाधवांच्या घराण्यात केस पिकतच नाहीत, गावच्या घाण्यावरच्या करडीच्या तेलाचा तो गुण आहे, असं मी मंडळात पंधरा वर्षं सांगत आलो होतो. माझ्या शब्दावर चार-पाच जण गावाकडून तेल मागवायचे. त्यातल्या एकाचे तर होते तेही केस गेले, पण माझ्यावरचा विश्वास गेला नाही. अशा माणसानं मेंदीचं पाकीट चारचौघांत उघडं करायचं म्हणजे काय?

आणि डॉक्टर सोनकांबळे बाईंच्या दवाखान्यात पिशवी चारचौघांतच उघडली जायची.

विद्यानगरच्या एका इडलीवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर हा दवाखाना. पाटी तीन लिप्यांत. वर तेलुगू, मध्ये इंग्रजी आणि खाली बारीक मराठीत 'डॉ. रत्नमाला सोनकांबळे, त्वचारोग'. तेलुगू पेशंट त्यांना डॉक्टरम्मा म्हणायचे, मुसी नदीपलीकडून येणाऱ्या बायका डॉक्टर आपा म्हणायच्या, आम्ही मराठी लोक नुसतं बाई. वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथं आले. बाई तारनाक्याच्या क्वार्टर्समध्येच वाढल्या. बुटकी मूर्ती, सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ आणि गळ्यात भिंग. भिंगाला सोन्याची साखळी वगैरे नाही, परकराची नाडी. नाडी मळली की बदलायच्या. भिंग तेच.

पिशव्या उघडायचं काम यादम्माचं. ही बाईंची मदतनीस. अंगानं किरकोळ, आवाज मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावाचा. बाहेरच्या खोलीत, वीसेक माणसांसमोर, ती टेबलावर एकेक वस्तू मांडायची आणि कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायची. माझी पाळी आली तेव्हा माझे दोन्ही कान टोमॅटोसारखे लाल, पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी राहिलेल्या आणि कपाळावर केसांच्या कडेनं लाल पट्टा, अशा थाटात मी उभा होतो.

"क्या लाए साब? साबून दो. तेल एक. कंगी एक. ये क्या, तकिये का गिलाफ? कबी धोए नै क्या इसकू?"

खोलीत हशा पिकला. मेंदीचं पाकीट घरी ठेवल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आत गेल्यावर बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. बसा नाही, काय होतंय नाही. "एक बाजू का दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं झालं. बसा आता."

हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या. कान, डोळा आणि चेहऱ्याची कातडी एकदम लाल झाली की त्यांच्या डोक्यात तिथूनच दोन रस्ते फुटायचे. एकाच बाजूला असेल तर आतून काहीतरी उठलंय, घाई करा. दोन्ही बाजूंना सारखं असेल तर बहुतेक बाहेरून काहीतरी लागतंय, शोधा. सवय इतकी अंगात मुरलेली, की कुणी नवरा बायकोची तक्रार सांगायला लागला तरी त्या भिंगातून त्याच्याकडे बघत म्हणायच्या, "ही एक बाजू झाली."

माझ्या कानांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मागून, पुढून, खालची पाळी दोन बोटांत धरून. इतक्या प्रेमानं माझ्या कानाकडे शाळेतल्या मास्तरांनंतर कुणी पाहिलं नव्हतं.

"डोक्याला काय लावलाव?"

"करडीचं तेल. गावचं."

"आन् त्याच्याशिवाय?"

"काही नाही."

त्यांनी भिंग केसांच्या मुळांशी नेलं. तिथं जरा थांबलं ते. मग म्हणाल्या, "कोंड्यानंसुद्धा कानामागं, भुवयांत, पापण्यांच्या कडेला लाल होतं. निम्मं गाव त्यानंच खाजवत असतंय. पण कोंडा असा एका दिवसात फुगत नाही. बघू."

त्यांच्या कागदाला दोन रकाने असायचे. एकावर 'लावा', दुसऱ्यावर 'बंद'. 'लावा'च्या खाली एखादी ओळ, 'बंद'च्या खाली अख्खी यादी. खालचा औषधवाला त्यांच्या नावानं कपाळ बडवायचा. माझ्या कागदावर 'बंद'च्या खाली लिहिलं होतं: 'डोक्याला काहीही. तेलसुद्धा. म्हणजे काहीही.' दुसऱ्या 'काहीही'खाली दोन रेघा. आणि लिहिलेलं पेशंटच्या भाषेत. मला मराठीत, शेजारच्या म्हातारीला तेलुगूत. "औषधाचं नाव दुकानदारानं वाचलं तरी चालतंय," त्या म्हणायच्या, "काय करू नये ते ज्याचं त्याला वाचता आलं पाहिजे."

आठवड्यात मी पूर्ववत देखणा झालो. पण तपासायला जावं लागायचं आणि मला बाहेरच्या खोलीत बसायची गोडी लागली. मंडळाच्या बैठकीपेक्षा तिथं जास्त काही घडत असे.

आमच्या मंडळातले एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांचा चेहरा, पापण्या, कानांच्या मागची बाजू, गळ्याचा त्रिकोण, उघडं राहील तेवढं सगळं जाड आणि लाल झालेलं. वर्षभर साबण बदलत होते. त्यांच्या पिशवीत बाईंना काही सापडेना. तेव्हा बाईंनी विचारलं, "पिशवीत मावत नाही असं काय लागतंय तुमच्या तोंडाला?"

"वारा," प्राध्यापक चिडून म्हणाले.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनव्हासचे बूट घालून त्यांच्याबरोबर फिरायला हजर. विद्यापीठाच्या मोकळ्या जागेतून ते रोज जायचे. बाई पुढं, प्राध्यापक मागं. अर्ध्या वाटेवर बाई थांबल्या, हातरुमालात धरून एक पांढऱ्या फुलांचं रोपटं उपटलं आणि त्यांच्यासमोर धरलं. गाजरगवत. दोन्ही बाजूंना कमरेइतकं माजलेलं.

"मी त्याला हातसुद्धा लावत नाही," प्राध्यापक म्हणाले.

"तुम्ही नाही लावत. ते लावतंय. वाऱ्यानं भुकटी उडते. तेलुगूत ह्याला वय्यारिभामा म्हणतात. नखरेल बाई. रोज सकाळी भेटायला येत होताव तुम्ही तिला."

त्यांनी वाट बदलली, चेहरा हळूहळू निवळला. प्राध्यापकीणबाई मात्र बरेच दिवस त्या नखरेल बाईची चौकशी करत होत्या.

असं सगळं सावकाश चालायचं. बाईंना मी घाई करताना एकदाच पाहिलं. आमच्याच गल्लीतले रेड्डीगारू, सत्तरीचे, रांगेत माझ्यामागं बसले होते. डावा कान दुखतोय म्हणून चार दिवस कानात थेंब घालत होते. आता डाव्या कपाळावर फोड आले होते आणि डावा डोळा लाल. घरच्यांनी त्यावर गेरू फासलेला. बाई चहाचा कप घेऊन दारात आल्या, सहज त्यांच्याकडे पाहिलं आणि कप माझ्या हातात दिला. खरं म्हणजे दिला नाही, सोडला, मी धरला.

"एक बाजू?" भिंग रेड्डीगारूंच्या नाकावर. नाकाच्या शेंड्यावर मुगाएवढा एक फोड. "यादम्मा, ऑटो!"

नागीण होती. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की नागीण डोळ्यातही शिरली असण्याची भीती फार, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी उभ्या उभ्या गोळ्या लिहिल्या, पहिली तिथंच गिळायला लावली आणि यादम्माला बरोबर देऊन त्यांना थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "वहाँ लाइन में नक्को बैठना. मेरा नाम लेके लड़ना." यादम्मा लढली असणार, यात मला शंका नाही. रेड्डीगारूंचा डोळा वाचला. ते आजही त्या डोळ्यानं माझ्या गाडीच्या पार्किंगवर लक्ष ठेवून असतात.

इतकं सगळं डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाला अक्कल यायला हरकत नव्हती. पण मंडळाचं स्नेहसंमेलन आलं. मला सूत्रसंचालन करायचं होतं आणि भांगात पांढरी रेघ दिसायला लागली होती. मी विचार केला. बाईंनी तेल बंद केलंय. मेंदी म्हणजे काही तेल नव्हे. शिवाय पंधरा वर्षं लावतोय, आधी कधी काही झालं नाही. शिवाय मागच्या वेळी मेंदी लावली रविवारी आणि सूज आली मंगळवारी. मेंदीला चढायचं असतं तर सोमवारीच चढली असती. असे तीन बिनतोड मुद्दे मांडून मी स्वतःला हरवलं आणि शुक्रवारी पाकीट कालवलं.

रविवारी संमेलन मी दिमाखात पार पाडलं. आभार मानेपर्यंत कान गरम व्हायला लागले होते. सोमवारी सकाळी डोळे उघडेनात. शालिनीनं कोमट पाण्यानं पापण्या सोडवल्या. कानांतून पाणी गळत होतं, आणि डाव्या डोळ्यानं समोरचं कॅलेंडर धुरातून दिसावं तसं दिसत होतं. वार दिसेना, तारीख दिसेना. तेव्हा मात्र माझी गाळण उडाली.

"आता तरी सांगा बाईंना," शालिनी म्हणाली.

"सांगतो."

बाईंनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. तिथून चिठ्ठी आली की आतला डोळा ठीक आहे, वरचा पडदा सुजलाय, निवळेल. पण हे असं पुन्हा पुन्हा झालं तर खात्री देता येणार नाही. ती चिठ्ठी वाचून बाईंनी दार लावलं. पुन्हा पाळी दोन बोटांत धरली.

"जाधव, एक आजार असतो. शरीर आपल्याच कानाच्या कूर्चेवर, म्हणजे मऊ हाडावर, उठतं. दोन्ही कान लाल, डोळेही लाल. फार क्वचित होतो, पण होतो. त्याला कानाचा तुकडा काढून तपासावा लागतो, रक्ताच्या तपासण्या, आन् मग महिनोन् महिने जोरकस गोळ्या. त्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो."

मी हुंकार दिला.

"पण त्या आजारात पाळी सुजत नाही. पाळीत कूर्चा नसते ना. तुमची पाळी सुजलीय, कातडी पाझरतेय. म्हणजे तुमची पाळी म्हणतेय, बाहेरून काहीतरी लागतंय. तुम्ही म्हणताव, काही नाही. दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय. मी कुणाचं ऐकू?"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच कानाशी समोरासमोर बसवलं गेलं. आणि मी, शालिनीला 'सांगतो' म्हणून आलेला माणूस, म्हणालो, "काही नाही लावत, बाई."

मला वाटलं आता रागावतील. त्या भिंग हातात घेऊन नाडीला पीळ घालत बसल्या.

"पिशवी का मागते, माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "दवाखाना नवा होता तेव्हा मुसीपलीकडची एक सून आली होती. असंच, कान, पापण्या, गाल. मी विचारलं, काय लावतीस? ती म्हणाली, काही नाही. मी विश्वास ठेवला. आतला आजार समजून आठ महिने गोळ्या दिल्या. साखर चढली, एका डोळ्यात मोतीबिंदू आला. चोविशीची पोर. मग एकदा ती एकटी आली आन् पदराखालून डबी काढली. गोरं व्हायचं मलम. तांदळाच्या डब्यात लपवून ठेवायची. सासू रंगावरून बोलायची म्हणून."

"म्हणजे तिनं खोटं सांगितलं."

"नाही. मी तिला सासूच्या समोर विचारलं होतं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ती चूक तिची नव्हती. तेव्हापासून मी तोंडाला विचारत नाही, पिशवी मागते. तुम्ही नाही म्हटलाव, तर मी तुमच्यावर विश्वास ठेवणार. उद्या कानाचा तुकडा काढू. गोळ्या सुरू करू. फक्त एकदा विचार करा, मी कशावर विश्वास ठेवतेय ते."

रागावल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. रागाला उत्तरं माझ्याजवळ भरपूर असतात. पण ती चोवीस वर्षांची पोर आणि तिच्या पलीकडे बसलेली, वीस वर्षं तिला न विसरलेली ही बुटकी बाई, दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "काळी मेंदी. महिन्यातून दोनदा. पंधरा वर्षं."

त्यांनी कागदावर लिहून घेतलं. हसल्या नाहीत.

"पण बाई, ती नैसर्गिक..."

"मेंदीनं केस तांबडे होतात, जाधव. काळे होत नाहीत. काळं करायला त्यात रसायन घालतात. शरीर पंधरा वर्षं ऐकून घेतं, एक दिवस नाही म्हणतं. आन् एकदा नाही म्हटलं की मग कायम नाही. आन् ते लगेच म्हणत नाही, दोन दिवसांनी म्हणतं."

माझे तिन्ही बिनतोड मुद्दे एका दमात तुटले.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? मुळं बघितली तुम्ही."

"संशय होता. म्हणून तर 'काहीही'खाली दोन रेघा मारल्या. पण संशयावर माणसाला खोटारडा म्हणता येत नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पाकीट पिशवीत का नाही घातलाव? खरं सांगा की."

"बाहेर यादम्मा मोठ्यानं वाचते."

बाईंचा चेहरा पडला. खरंच पडला. मला क्षणभर वाटलं, माझ्या कानाचं आणखी काही दिसलं की काय.

"हौ," त्या सावकाश म्हणाल्या. "सासू काढली आन् तिच्या जागी वीस माणसं बसवली मी. इतकी वर्षं लक्षात नाही आलं."

दुसऱ्या दिवसापासून पिशव्या आत, पडद्यामागं उघडायला लागल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, गावभर नाव झालेल्या डॉक्टरनं पेशंटच्या खोटेपणात स्वतःची चूक शोधावी आणि ती रातोरात दुरुस्त करावी, हे मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. मी स्वतः तर माझ्या चुकांमध्ये नेहमी दुसऱ्याचा हात शोधत आलोय. यादम्मानं मात्र माझ्यावर दात धरला. तिचा रोजचा जाहीर कार्यक्रम माझ्यामुळे बंद पडला होता. त्यानंतर मी गेलो की ती माझं नाव न घेता नुसतं "वो मेहंदी साब" म्हणायची. पडद्यामागची गोष्ट तिला कशी कळली, हे मी विचारलं नाही.

डोळा निवळला. कॅलेंडरवरचे वार परत आले. केस मुळापासून पांढरे होत गेले आणि मी टोपी घालायला लागलो. मंडळात सांगितलं की डोक्याला वारा लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दीड वर्ष मी बैठकीला, हळदीकुंकवाच्या दिवशी, एका बारशाला टोपीतच होतो. बाईंकडे जायचं तेव्हा खिशात.

मग बाईंचे गुडघे जिना चढेनासे झाले. दवाखाना बंद करून त्या नांदेडला भावाकडे राहायला जाणार, असं कळलं. शेवटच्या दिवशी जिन्यापर्यंत माणसं. फुलं कुणी आणली नव्हती. 'बंद'च्या यादीत बहुतेकांच्या फुलं होतीच. दोन-तीन म्हाताऱ्या मात्र सवयीनं पिशव्या भरून घेऊन आल्या होत्या. प्राध्यापक होते, रेड्डीगारू होते, मंडळातली आठ-दहा जणं होती. त्यामुळे टोपी डोक्यावरच राहिली.

बाई बाहेरच्याच खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, ओळख पटली नाही. मग भिंग उचललं आणि माझी डावी पाळी दोन बोटांत धरली.

"जाधव! पाळी छान आहे की." आणि लगेच, "ही टोपी कशाला?"

"वारा..."

"डोक्याला काहीही नाही, असं लिहिलं होतं मी. दोन रेघा मारून."

सगळी खोली बघत होती. पडदा आत होता आणि आम्ही बाहेर होतो. बाईंच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी पाळी सोडली आणि हलक्या आवाजात म्हटलं, "राहू द्या. घरी गेल्यावर काढा."

त्या बाईला शेवटच्या दिवशीही माझी लाज राखायची होती. ते पाहून मला काय झालं कोण जाणे, मी टोपी काढली. पांढरं शुभ्र डोकं मंडळासमोर धरलं आणि भाषणाच्या सुरात म्हणालो, "मंडळी, पंधरा वर्षं मी आपणा सर्वांना फसवलं. करडीचं तेल वगैरे काही नाही. हेच माझं खरं रूप. धक्का बसला असेल, तर क्षमा करा."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. बाई भिंगाची नाडी बोटाला गुंडाळत खाली बघून हसत होत्या. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं असं.

आणि कोपऱ्यातून, बाटल्या खोक्यात भरता भरता, यादम्माचा मोंढ्यातला आवाज आला, "धक्का कायका साब? काले बालां में बी तुमे बुड्ढेइच दिखते थे."